बहिरा कंप

पांझरेच्या उत्तर तीरावर वसलेल्या आमच्या देवपुरांत गाण्याची आवड कमी आहे, असें कोणी म्हणणार नाहीं. एकवीरादेवीच्या नवरात्रांत, गणेशोत्सवांत, लग्नघरीं, भजनी मंडळांत आणि शाळांच्या स्नेहसंमेलनांत वर्षभर गाणें चालूच असतें. आणि आतां त्या गाण्याच्या मागें विजेवर चालणारें एखादें वाद्य किंवा साधन बहुधा असतेंच. त्याविरुद्ध आमची तक्रार नाहीं. आमची तक्रार त्या साधनांतील एका सोयीविरुद्ध, किंवा अधिक नेमकें बोलावयाचें तर त्या सोयीच्या आळशी वापराविरुद्ध आहे. कित्येक कीबोर्डांवर आणि साउंडवाल्याच्या कित्येक मिक्सरांवर 'ट्रेमोलो' नांवाची एक सोय असते. ती चालू केली कीं स्वर थरथरूं लागतो, आणि पहिल्या अक्षरापासून शेवटच्या गजरापर्यंत एकाच वेगानें व एकाच मापानें थरथरत राहतो. गाणारा देवाची विनवणी करीत असो कीं त्याच्याशीं भांडत असो, वादकाचें बोट हलकें पडो कीं जोरानें पडो, त्या थरथरीला त्याचें कांहींच नाहीं. कारण तिला ऐकूंच येत नाहीं. या कंपाला आम्ही बहिरा कंप म्हणतों, आणि सुशिक्षित कुटुंबांनीं त्याला आपल्या घरांतून व सभामंडपांतून निरोप द्यावा, असें आमचें स्पष्ट मत आहे.

हें मत ऐकतांच दोन पक्ष आमच्यावर तुटून पडतील. एक म्हणेल, "लोकांना आवडतें, मग तुम्हांलाच कां खुपतें?" दुसरा म्हणेल, "आम्ही पूर्वीपासून हेंच सांगत होतों. विजेचीं सगळींच वाद्यें बंद करा." या दोघांशींही आमचें जमत नाहीं. पहिला पक्ष सोयीचा दास आहे, दुसरा सोंवळ्याचा. यंत्राला ऐकावयास शिकवितां येतें, तसें शिकविणारीं बटणें आज मिळतात, आणि तीं न वापरणें हा यंत्राचा नव्हे, वापरणाराचा अपराध आहे, एवढेंच आम्हांला दाखवावयाचें आहे.

प्रथम ट्रेमोलो म्हणजे काय हें नीट समजून घेतलें पाहिजे. कारण ज्याची स्तुति किंवा निंदा करावयाची त्याची माहितीच नसणें हा आपल्याकडील वादांचा जुना रोग आहे. आवाजाचा जोर सेकंदाला चार-सहा वेळां कमीजास्त करणें म्हणजे ट्रेमोलो. आवाजाची उंची तितक्याच वेगानें वरखालीं करणें म्हणजे व्हायब्रेटो. पहिल्यांत स्वर आपल्या जागीं राहून लहानमोठा होतो, दुसऱ्यांत तो जागेवरूनच हलतो. या दोन नांवांचा घोळ पाश्चात्यांनींही कमी घातलेला नाहीं. अमेरिकेंतील फेंडर कंपनीनें १९५४ सालीं आपल्या स्ट्रॅटोकास्टर गिटारला जो दांडा बसविला त्याला 'ट्रेमोलो' हें नांव दिलें. वास्तविक तो स्वराची उंची हलवितो. उलट त्याच कंपनीच्या कित्येक ध्वनिवर्धकांवर आवाजाचा जोर हलविणाऱ्या सोयीस 'व्हायब्रेटो' असें नांव छापलेलें असे. तेव्हां आमच्याकडील कोणी उत्साही वादक ट्रेमोलोचें बटण दाबून "हें दरबारीच्या गंधाराचें आंदोलन" असें म्हणूं लागला, तर त्याला एकट्याला हंसण्यांत अर्थ नाहीं. पण त्याचें म्हणणें चूक आहे हें मात्र सांगितलेंच पाहिजे. दरबारीचा कोमल गंधार झुलतो तो उंचींत झुलतो. नुसता जोर कमीजास्त करून तें आंदोलन जन्मांत साधणार नाहीं.

कंपाचा विचार आपल्याकडे नवा नाहीं. तेराव्या शतकांत देवगिरीच्या यादव राजा सिंघणाच्या पदरीं असलेल्या शार्ङ्गदेवानें 'संगीतरत्नाकर' ग्रंथांत गमकाचे पंधरा प्रकार सांगितले. याच सिंघणाचा ज्योतिषी चांगदेव हा भास्कराचार्यांचा नातू. त्यानें आजोबांच्या ग्रंथांच्या अध्ययनासाठीं आमच्या खानदेशांत, चाळीसगांवजवळच्या पाटण येथें, मठ स्थापिला होता. अशा मोजमापाच्या काळांतला शार्ङ्गदेव कंपाचेंही माप घेतो. तिरिप गमकाचा वेग द्रुताच्या चतुर्थांशाचा, स्फुरिताचा तृतीयांशाचा, कंपिताचा अर्ध्याचा, लीनाचा पूर्ण द्रुताचा आणि आंदोलिताचा लघूचा, अशी त्याची वाटणी आहे. म्हणजे ज्याला आज आपण गतीचें बटण म्हणतों, त्याचीं घरें या पंडितानें सातआठशें वर्षांपूर्वीं आंखून ठेविलीं होतीं. परंतु त्यानें या गतींना निरनिराळीं नांवें दिलीं तीं कशासाठीं? एक गति निवडून रात्रभर तीच चालवावी म्हणून नव्हे. यादीच्या शेवटीं त्यानें 'मिश्रित' हा पंधरावा प्रकार ठेविला, यांतच त्याचें उत्तर आहे. आणि गमकाची व्याख्या करतांना तो नुसत्या कंपावर थांबत नाहीं. त्या कंपानें श्रोत्याच्या चित्तास सुख झालें पाहिजे, अशीही अट घालतो. बहिऱ्या कंपाच्या पुरस्कर्त्यांनीं व्याख्येचा पहिला अर्धा भाग उचलला आणि दुसरा अर्धा सोडून दिला.

आतां यंत्राच्या पोटांत डोकावूं. साध्या ट्रेमोलोंत एक मंद आवर्तन अखंड फिरत असतें. तें स्वतः ऐकूं येत नाहीं. आवाजाची चावी कमीजास्त करणें एवढेंच त्याचें काम. त्याला मुख्य बटणें दोन, एक गतीचें आणि दुसरें खोलीचें. गति म्हणजे सेकंदाला हेलकावे किती. खोली म्हणजे प्रत्येक हेलकाव्यांत आवाज किती खालीं जावयाचा. खोली पुरी ठेवली तर प्रत्येक हेलकाव्याच्या तळाशीं आवाज जवळजवळ नाहींसा होतो. आतां वाचकांनींच हिशेब करावा. द्रुत लयीच्या भजनांत सेकंदाला चार-पांच अक्षरें सहज येतात, आणि कंपही सेकंदाला पांच वेळां होतो. गायकाच्या माइकलाच ही सोय जोडलेली असली, तर कांहीं अक्षरें लाटेच्या माथ्यावर पडणार आणि कांहीं खड्ड्यांत. तुकोबांच्या अभंगांतलें कोणतें अक्षर बुडावें याचा निर्णय तुकोबांनीं केलेला नाहीं, गायकानेंही केलेला नाहीं. तो एका फिरत्या चक्रानें करावयाचा! हा कसला अलंकार?

याच साधनांत आणखी एक भाग बसविला कीं चित्र पालटतें. हा भाग आंत येणाऱ्या आवाजाचा जोर क्षणोक्षणीं मोजतो आणि त्या मापाप्रमाणें कंपाची गति किंवा खोली बदलतो. इंग्रजींत याला 'डायनॅमिक' नियंत्रण म्हणतात. आम्ही त्याला जोरानुसारी नियंत्रण म्हणूं. जोर वाढला कीं कंप दाट व्हावा, किंवा जोर वाढला कीं कंप विरून जावा, हें ठरविणें वादकाच्या हातीं असतें. हलका, लांबविलेला स्वर हळूच थरथरावा आणि तान निघाली कीं कंप बाजूला सरून स्वच्छ स्वर पुढें यावा, असें त्याला म्हणतां येतें. यंत्र स्वतः भावना जाणत नाहीं, हें खरें. पण ज्याला भावना आहे त्याच्या हाताचें तें ऐकूं लागतें, आणि चांगल्या चाकराकडून यापेक्षां अधिक अपेक्षा कोणी करीत नाहीं.

ही कल्पना कोणास फार नवी वाटत असेल तर त्यानें घरांतली जुनी हार्मोनियम उघडून पाहावी. कित्येक पेट्यांना ट्रेमोलोचा स्टॉप असतो. तो ओढला कीं आंतली एक हलकी झडप मोकळी होते आणि वाऱ्याच्या झोतावर फडफडूं लागते. ती किती वेगानें फडफडावी हें भात्याच्या दाबावर अवलंबून असतें. म्हणजे ही लांकडाची साधी झडपही अगदींच बहिरी नव्हती. भाता मारणाराचा हात तिला थोडासा तरी ऐकूं येई. पॅरिस येथें डेबें यानें १८४२ सालीं हार्मोनियमचें पेटंट घेतलें. त्या घराण्याच्या पायपेट्यांवर 'एक्स्प्रेशन' नांवाची एक कळ असे. ती ओढली कीं वाऱ्याचा सांठा मधून दूर होई आणि पायाचा दाब सरळ सुरांवर जाई. पाय हलका तर सूर हलका, पाय जोराचा तर सूर जोराचा. नवशिक्यांना या कळीची धास्ती वाटे, कारण पायाचा जरासा अनियमितपणाही तींत उघडा पडे. आणि कसलेल्या वादकांना ती जीव कीं प्राण होती. आजचें जोरानुसारी नियंत्रण म्हणजे दुसरें तिसरें कांहीं नसून विजेचा भाता आहे. भाता बंद ठेवून पेटी वाजवीत बसणाऱ्यास आपण काय म्हणूं?

येथें सोंवळ्या पक्षाला त्याचाच इतिहास ऐकविणें भाग आहे. १९४० च्या मार्च महिन्यापासून ऑल इंडिया रेडिओवर हार्मोनियमला बंदी झाली. लायोनेल फील्डन हे तेव्हां त्या खात्याचे प्रमुख होते. जॉन फाउल्ड्स या इंग्रज संगीतकारानें त्यापूर्वींच पेटीवर टीकेचा भडिमार केला होता, आणि रवीन्द्रनाथ ठाकुरांचाही तिला विरोध होता. पेटीचे सूर जागच्या जागीं खिळलेले असतात, तिच्यावर मींड निघत नाहीं, हे त्यांचे आक्षेप पोकळ नव्हते. तथापि बंदीनें काय साधलें? ती सैल होण्यास १९७१ साल उजाडलें, आणि मधल्या तीन दशकांत महाराष्ट्रांतली पेटी कांहीं मुकी झाली नाहीं. 'मानापमाना'ला १९११ सालीं चाली देणारे गोविंदराव टेंबे यांनीं पेटीला जी प्रतिष्ठा आणून दिली होती ती कोणत्याही हुकुमानें गेली नाहीं. बालगंधर्वांच्या नाटकांत ऑर्गन, कादरबक्षांची सारंगी आणि थिरकवांचा तबला हीं एकत्र वाजलीं. ज्या वाद्यावर मींड निघते आणि ज्यावर निघत नाहीं, तीं दोन्ही एकाच गळ्याचें ऐकत होतीं म्हणून तें शोभलें. जळगांवांत बालगंधर्वांच्या नांवाचें नाट्यगृह बांधणाऱ्या आम्हां खानदेशकरांना हें निराळें सांगावयास नको. बंदी घालणारांनीं वाद्य पाहिलें, वादकाचा हात पाहिला नाहीं. आज विजेच्या वाद्यांवर बहिष्कार घाला म्हणणारे तीच चूक दुसऱ्यांदा करूं पाहत आहेत.

आतां सोयीच्या पक्षाकडे वळूं. त्याचा पहिला मुद्दा असा कीं श्रोत्यांना ही थरथर आवडते. आवडते, पण किती वेळ? जें एकसारखें चालतें त्याची कानाला लवकर संवय होते. खोलींतला पंखा सुरू केल्यावर त्याची घरघर आपणांस थोडा वेळच ऐकूं येते. बहिऱ्या कंपाचेंही तसेंच आहे. दोन गाण्यांत त्याची गोडी संपते, मग साउंडवाला खोली थोडी वाढवितो. आणखी दोन गाण्यांत तीही संपते, मग तो पुन्हां वाढवितो. शेवटीं मंडपांत जें उरतें तें गाणें कीं हींवताप, हें सांगणें कठीण होतें. उलट जो कंप कधीं येतो आणि कधीं जातो, त्याची संवय होत नाहीं. तो प्रत्येक वेळीं कांहीं सांगतो.

दुसरा मुद्दा असा कीं नवशिक्यांना ट्रेमोलोचा आधार वाटतो. हाच तर खरा धोका आहे. ज्या मुलीचा षड्ज स्थिर लागत नाहीं, तिच्या अस्थिरतेवर यंत्राची थरथर पांघरूण घालते. आईवडिलांना वाटतें गळा गोड आहे, आणि गुरुजींच्याही लक्षांत दोष उशिरां येतो. स्थिर स्वर हा पाया आहे आणि कंप हें त्यावरचें नक्षीकाम. पाया घालण्याआधीं नक्षी विकत आणणाऱ्या घरमालकाला आपण शहाणा म्हणत नाहीं.

तिसरा मुद्दा खर्चाचा. ज्यांत जोर मोजण्याची सोय आहे असें साधन महाग पडतें, असें म्हणतात. त्यावर उपाय सोपा आहे. तें नसेल तर खोलीच्या बटणावर एका जाणत्या माणसाचा हात ठेवा. आणि जाणता माणूसही नसेल तर ट्रेमोलो बंद ठेवा. बंद ठेवण्यास पैसे पडत नाहींत.

एवढें कबूल केलें पाहिजे कीं नियमित कंप हाच जेथें वाद्याचा स्वभाव आहे तेथें तो शोभतो. व्हायब्राफोन या धातूच्या पट्ट्यांच्या वाद्यांत नळ्यांच्या तोंडाशीं फिरणाऱ्या चकत्या असतात आणि त्या मोटरीनें फिरतात. त्या वाद्याला तें साजतें. परंतु तेथेंही चांगला वादक मोटर केव्हां बंद करावी हें जाणतो. हॅमंड ऑर्गनच्या जोडीला लेस्ली नांवाचा जो फिरता ध्वनिक्षेपक लोकप्रिय झाला, त्याची खरी मौज त्याच्या मंद किंवा जलद गतींत नव्हती. एका गतींतून दुसरींत जातांना त्याला जो वेळ लागे, त्यांत ती होती, आणि तो क्षण वादक आपल्या हातानें निवडीत असे. मँडोलिनवरचा कंप तर सबंध हाताचाच. तार पुन्हां पुन्हां छेडावी तेव्हां तो होतो, आणि मनगट थकलें कीं तोही थकतो. आमच्या साक्री तालुक्यांत डोंगऱ्यादेवाच्या उत्सवांत भोपळ्याची पावरी वाजते; तिच्यांतला चढउतार वाजविणाऱ्याच्या श्वासाचा असतो. शिकागोच्या ऑर्गनपासून साक्रीच्या पावरीपर्यंत नियम एकच आहे. कंपाला धनी पाहिजे.

नुसता निषेध करून थांबणें आम्हांस पसंत नाहीं. म्हणून साधन कसें लावावें हेंही सांगतों. पहिली गोष्ट, ज्या वाद्याच्या स्वरांत लहानमोठेपणा नाहीं त्याला जोरानुसारी नियंत्रण जोडणें व्यर्थ आहे. मोजावयास कांहीं असेल तरच मोजणारा उपयोगी. मुलांसाठीं कीबोर्ड घेतांना एकच पट्टी आधीं हलके आणि मग जोरानें दाबून पाहावी. आवाज दोन्ही वेळां सारखाच आला तर 'टच रिस्पॉन्स' ही सोय चालू आहे कीं नाहीं तें पाहावें, आणि ती मुळींच नसेल तर तो कीबोर्ड दुकानांतच ठेवावा. दुसरी गोष्ट, साउंडवाल्याकडे लहानमोठा आवाज एका पातळीवर आणणारें साधन असतें; तें ट्रेमोलोच्या आधीं जोडूं नये. आधीं जोडलें तर गायकाचा सगळा जोर तेथेंच सपाट होतो, आणि पुढच्या साधनाला ऐकावयास कांहीं उरत नाहीं.

तिसरी गोष्ट बटणांची. उंबरठ्याचें बटण असें लावावें कीं सर्वांत हलका स्वरही साधनाला ऐकूं जाईल, पण पंख्याची घरघर आणि मंडपांतली कुजबूज ऐकूं जाणार नाहीं. साधनानें जोराला प्रतिसाद किती लवकर द्यावा आणि जोर ओसरल्यावर किती वेळानें पूर्वस्थितीवर यावें, यांसाठीं दोन निराळीं बटणें असतात. प्रतिसाद अति शीघ्र ठेवला तर प्रत्येक 'ट' आणि 'क' वर कंप दचकतो. सेकंदाचा विसावा ते पंचविसावा भाग एवढा अवधि आरंभाला पुरे. परतीचा अवधि त्याहून बराच मोठा, एकतृतीयांश ते अर्धा सेकंद ठेवावा, म्हणजे कंप तुटत नाहीं, विरतो. दिशा अशी निवडावी कीं जोर वाढला असतां खोली कमी व्हावी. मराठी गाण्यांत शब्दाला मान आहे, आणि जोराच्या जागीं शब्द स्पष्ट पाहिजे. खोली प्रथम पाव ठेवावी. एवढ्यानें कंप ऐकूं येत नसेल तर ती वाढविण्यापूर्वीं, तो त्या जागीं हवा आहे काय, असा प्रश्न स्वतःस विचारावा. गायकाच्या माइकला मात्र ट्रेमोलो जोडूंच नये. गळ्याला कंप हवा असेल तर तो गळ्यानें काढावा.

कोणी म्हणेल, एवढ्याशा बटणासाठीं इतकी शाई कशाला? आमचें उत्तर असें कीं प्रश्न बटणाचा नाहीं, कानाचा आहे. आजचीं मुलें घरोघरीं जे स्वर ऐकत वाढतात त्यांतले बरेच यंत्रांतून येतात. जोर आणि कोमलता यांचा फरक ज्यांत मिटून गेला आहे अशा आवाजावर जे कान पोसले जातात, त्यांना पुढें सारंगीची एक बारीक मुरकी किंवा कीर्तनकाराचा अर्ध्यावर थांबलेला श्वास ऐकूं येईल काय? नाहीं ऐकूं आला तर दोष त्या मुलांचा नसेल. यंत्र बहिरें राहूं दिलें म्हणजे हळूहळू माणसालाही बहिरें राहणें परवडूं लागतें.

म्हणून देवपुरांतल्या आणि सर्व खानदेशांतल्या उत्सवमंडळांना, शिक्षकांना व पालकांना आमचें सांगणें आहे कीं पुढच्या कार्यक्रमाच्या दिवशीं साउंडवाल्याला आधीं एक प्रश्न विचारा, "ही थरथर कोणाच्या हाताचें ऐकते?" उत्तर मिळालें तर ती चालूं द्या. न मिळालें तर बटण बंद करा, आणि गाणाऱ्याला गाऊं द्या.